पश्चिमेचं स्वयंपाकघर

"बाई, जरा बाजूला होता का? भिंतीवरचा उजेड हवाय मला."

हे मला माझ्याच स्वयंपाकघरात ऐकावं लागलं. बोलणारे होते आर्किटेक्ट लोकांच्या संस्थेतले एक वयस्कर प्राध्यापक. गळ्यात कॅमेरा, टकलावर घाम. मी उलथणं घेऊन बाजूला झाले. गॅसवरची भाजी होती तिथेच राहिली. तिला कुणी काही म्हणालं नाही.

त्यांच्यामागे आणखी चारदोन जण दाटीवाटीने उभे होते आणि माझी लेक त्यांना समजावून देत होती. "ही मोठ्या आईची पहिली वास्तू. ओट्यावरची ही लांबलचक खिडकी बघा. दुपार कलली की ऊन आत येतं आणि समोरच्या भिंतीवरून सरकत जातं. स्वयंपाकघर पश्चिमेला घ्यायचं धाडस त्या काळात दुसऱ्या कुणी केलं नसतं."

"वा!" प्राध्यापक म्हणाले आणि त्यांनी रुमालाने टक्कल पुसलं.

मोठी आई म्हणजे माझी थोरली जाऊ. मी त्यांना वहिनी म्हणते. लेकीला 'मोठी आई' म्हणायला मीच शिकवलं, तसं म्हणतातच आपल्यात. पण घरात एक मोठी आई असली की दुसरी आपोआप नुसती आई होते, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं.

वहिनी नामांकित आर्किटेक्ट. आमचं घर हे त्यांचं पहिलं काम, लग्न होऊन आल्या आल्या केलेलं. वर्षभरात, घर पुरं होता होताच, त्यांनी आणि मोठ्या भाऊजींनी कामासाठी दुसरीकडे बिऱ्हाड केलं, आणि पाठोपाठ धाकटी सून म्हणून मी इथे आले. पुढे वहिनींनी शाळा बांधल्या, वाचनालयं बांधली, एक इस्पितळ असं बांधलं की तिथली माणसं म्हणे बरी झाल्यावरही खिडकीपाशी रेंगाळतात. आता संस्था त्यांच्या साऱ्या कारकिर्दीचा गौरव करणार होती. मोठं सभागृह, मानचिन्ह, आणि एक जाडजूड गौरवग्रंथ. त्यातलं पहिलंच प्रकरण आमच्या घरावर. लिहिलेलं माझ्या लेकीने. ती वहिनींच्याच ऑफिसात काम करते, त्यांच्यासारखीच पेन्सिल कानावर खोचते, आणि रडायचं झालं तर फोनही त्यांनाच करते.

प्रकरणाचं नाव होतं 'संध्याकाळचं स्वयंपाकघर'. लेकीने छापायच्या आधी मला वाचायला दिलं. मी ओट्याशी उभी राहून वाचलं. 'आई स्वयंपाक करत असायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावर केशरी उजेड पडलेला असायचा. हा उजेड अपघाताने आलेला नव्हता. कुणीतरी तो तिच्यासाठी योजून ठेवला होता.'

केशरी उजेड! त्या उजेडाने माझ्या गळ्यावर घामोळं उठतं. आणि म्हणे अपघाताने आलेला नव्हता.

"कसं वाटलं गं?" लेकीने विचारलं.

"अक्षर बारीक आहे," मी म्हणाले.

कारण खरं काय ते मला पहिल्या उन्हाळ्यापासून माहीत होतं. नवी नवरी होते, दुपारच्या चहाची वेळ होती, आणि ओट्यापाशी मला घेरी आली. सासऱ्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. म्हणाले, "तुझा दोष नाही, पोरी. हे स्वयंपाकघर पूर्वेला व्हायचं होतं. कोवळ्या उन्हात तुमचा सगळा स्वयंपाक आटपला असता. आमच्या थोरल्या सूनबाईंनी कागद उलटा धरला, आणि घर उलटं झालं."

तेव्हा नकाशा आरपार दिसणाऱ्या कागदावर काढायचे आणि त्यावरून छाप घ्यायचे. कागद पालथा पडला की डावीकडचं सगळं उजवीकडे. रस्ता समोर, जागा दोन्ही अंगांनी सारखीच मोकळी, त्यामुळे गवंड्यांना काही खटकलं नाही. लक्षात आलं तोवर भिंती छातीपर्यंत आल्या होत्या. सासऱ्यांनी बजावलं, आता एकही वीट हलवायची नाही.

त्यानंतर वहिनी घरी आल्या की सासरे जेवताना हटकून तो विषय काढायचे. "स्वतःच्या घराचा कागद सरळ धरता येईना, आणि निघाल्या लोकांची घरं बांधायला!" वहिनी खाली मान घालून जेवत राहायच्या. मी वाढत असायचे. वाढून झालं तरी मी तिथून हलायचे नाही.

देव सगळं बघतो, हे काय मला ठाऊक नाही? माझा नेम आहे, सकाळचा जप पुरा होईपर्यंत मी कुणाशी एक शब्द बोलत नाही. पण मौन तोंडाचं असतं. माळेतला एक मणी देवाच्या नावाने सरकायचा आणि पुढचा वहिनींच्या. त्या आल्या की यांचं उठून खुर्ची पुढे करणं. "वहिनी काय म्हणतात ते बघू," हे दर गोष्टीला असायचंच, मग ते लेकीचं शिक्षण असो की न्हाणीघराच्या फरश्या. वर वहिनी वाईट असत्या तर सोपं होतं. पण बोलणं मऊ, वागणं सरळ, आणि मी केलेलं काहीही पहिल्या घासाला "छान झालंय गं, धाकटे" म्हणून मोकळ्या. असल्या माणसाचा राग धरायचा तरी कुठे?

त्या सगळ्यावर माझ्याकडे उतारा एकच होता. त्यांची ती चूक. वर्तमानपत्रात त्यांचा फोटो आला, की मी मनातल्या मनात ती काढून बघायचे, ठेवणीतल्या दागिन्यासारखी, आणि पुन्हा गुंडाळून ठेवायचे. सासरे गेले तेव्हा लेक रांगत होती. तिच्या कानावर ही गोष्ट कधी आलीच नाही.

सत्काराचं आमंत्रण छापायला जायच्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन आला. मी जपाला बसलेली. यांनी फोन माझ्यापुढे धरला आणि आवाज मोठा केला.

"धाकटे, संस्थेला त्या घरात राहणारं कुणीतरी दोन शब्द बोलायला हवंय. तू बोलशील ना?"

मी जोरजोरात मान हलवली. फोनला काय दिसणार?

"वहिनी, तिचा जप चाललाय," हे म्हणाले.

"मग नाही म्हणत नाहीये ना?"

"तसं... म्हणत नाहीये."

"झालं तर! नाव देते मी छापायला."

माळ पुरी होईपर्यंत नाव छापखान्यात पोचलंही होतं. मी यांच्यावर डाफरले. यांचं आपलं एकच, "तू बोलली नाहीस त्याला मी काय करू?" पण दुपारी भांडी लावता लावता माझा राग उतरला, कारण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. वहिनींनी आपण होऊन माइक माझ्या हातात दिला होता.

मग मी ठरवलं. भर सभेत सांगायचं. ज्या घराचं तुम्ही पहिलं प्रकरण केलंत, ज्या उजेडाचे फोटो काढलेत, ते सगळं एका पालथ्या कागदाने झालेलं आहे. धाडस नाही, योजना नाही, गडबड आहे. लेकीचा विचार आला. तिचं पहिलंवहिलं छापलेलं लिखाण, सगळ्यांसमोर खोटं पडेल. पण आला तसा तो विचार मी लोटून दिला. पडू दे. तिलाही कळू दे, आईच्या घामाला कुणाचा उजेड म्हणायचं ते.

सत्काराच्या आदल्या दिवशी मी कपडे वाळत घालता घालता भाषण म्हणून बघत होते. "मंडळी, हे घर उलटं आहे. आमच्या वहिनींनी कागद..." आणि मागे वळले तर हे उभे. हातात रिकामी बादली, चेहरा पडलेला.

"हे बोलणार आहेस उद्या?"

"हो. खोटं आहे का काही?"

"आत चल जरा."

आत म्हणजे स्वयंपाकघरात. ऊन नुकतंच ओट्यावर चढत होतं. हे खिडकीशी उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "कागद वहिनींनी नाही उलटा लावला. मी लावला."

मला आधी अर्थच लागेना.

"शिक्षण अर्ध्यात सोडून घरी बसलो होतो मी. बाबा मला बिनकामाचा म्हणायचे. बांधकामाची धावपळ हे त्यांनी माझ्यावर सोपवलेलं पहिलं काम. वहिनींनी नकाशा दिला, नुसत्या रेघांचा, खोल्यांची नावं घालायची होती अजून. दुकानात ही गर्दी. मी म्हटलं, द्या, मीच लावतो यंत्रात. लावला पालथा. गवंडी खोळंबले होते म्हणून वहिनींनी घाईघाईत त्या छापावरच नावं लिहिली. पुढचं तुला माहीत आहे."

"आणि वहिनींनी..."

"भिंती वर आल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. मी रडलो त्यांच्यापुढे. म्हटलं, बाबा मला घराबाहेर काढतील. त्या तशाच उठल्या आणि बाबांना जाऊन म्हणाल्या, चूक माझी."

मी ओट्याला टेकून उभी राहिले. ओटा तापला होता.

"एवढी वर्षं मी इथे भाजून निघतेय. तुम्हाला एकदाही सांगावंसं वाटलं नाही?"

"वाटायचं. रोज वाटायचं. म्हणून तर पंखा लावला तुला."

"तो पंखा... म्हणून?"

"हं."

"आणि खिडकीवरचा छज्जा?"

"तोही."

"पडदे?"

"पडदेसुद्धा," हे पुटपुटले.

"मी तुमच्या बहिणीला सांगत होते, अख्ख्या खानदानात बायकोला इतकं जपणारा माणूस नाही म्हणून! वन्सं जळायच्या माझ्यावर!"

"जपतोच की मी तुला," हे केविलवाणे होऊन म्हणाले. मग जरा सावरले. "तू बोल उद्या. सगळं खरं बोल. माझं नाव घेऊन बोल. माझं काय व्हायचं ते होऊ दे, पण वहिनींच्या पदरात एवढं तरी पडू दे."

पदरात पडू दे! आणखी काय पडायचं राहिलं होतं त्यांच्या पदरात?

यांचा राग यायला हवा होता, आणि आलाही. जेवणापर्यंत मी यांच्याशी बोलले नाही, आणि हे मौन काही नेमातलं नव्हतं. पण खरी आग दुसरीकडेच होती. मला चुकलेल्या वहिनी हव्या होत्या. तेवढ्याच माझ्या होत्या. त्या जेवताना ऐकून घेत होत्या ती दुसऱ्याची चूक होती, आणि मी वाढायचा डाव हातात धरून उभी राहायचे ती कशासाठी? त्यांचा मोठेपणा बघायला? माझ्या इतक्या वर्षांच्या दागिन्यावर यांनी बसल्या जागी पाणी ओतलं होतं. आणि वर सांगत होते, हेच उद्या सभेत सांग.

सांगितलं असतं तर काय झालं असतं, ते मला डोळ्यांपुढे दिसत होतं. सगळं सभागृह उठून उभं राहिलं असतं. लेकीने धावत जाऊन मोठ्या आईला मिठी मारली असती. गौरवग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत एक प्रकरण वाढलं असतं.

दुसऱ्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. वहिनी मंचावर बसल्या होत्या, गुडघे जुळवून, हात मांडीवर, जणू दुसऱ्याच कुणाचा सत्कार आहे. लेकीने पडद्यावर फोटो दाखवले. आमची भिंत आली, केशरी, झळाळती. एका कोपऱ्यात माझं कोपर आणि भाजीची वाफ. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोपरासाठी नसाव्यात.

मग माझं नाव पुकारलं गेलं. मी माइकपाशी गेले. माझा आवाज मुळातच बारीक. कुणीतरी येऊन माइक तोंडाजवळ ओढून दिला.

"मी त्या घरात राहते," मी म्हणाले. "स्वयंपाकघर फार तापतं."

सभागृह हसलं. मोकळं, प्रेमाने हसलं. पहिल्या रांगेतल्या प्राध्यापकांनी तर मान डोलावली; त्यांना अनुभव होता.

"दुपार कलली की उभं राहवत नाही. फोटोत उजेड येतो, ऊन येत नाही. भिंतीवरचा उजेड बघायला तुम्ही लोक येता तेव्हा सुंदरच दिसत असेल तो. मला बघता येत नाही, माझी त्याच्याकडे पाठ असते... म्हणजे भिंतीकडे पाठ असते. तोंड उन्हाकडे."

आता हसणं थोडं कमी झालं. लेक माझ्याकडे टक लावून बघत होती. हे पहिल्या रांगेत ताठ बसले होते. त्यांनी मला मान हलवून खूण केली, बोल. मी श्वास घेतला.

"आणि हे स्वयंपाकघर पश्चिमेला का आलं..."

मी वहिनींकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच मला भीती दिसली. एक क्षण मी सुखावले. पण त्यांची नजर माझ्यावर नव्हती. त्या यांच्याकडे बघत होत्या. स्वतःचा सत्कार चाललाय, मानचिन्ह शेजारी ठेवलंय, आणि बाईंना काळजी कुणाची, तर माझ्या नवऱ्याची. तीही माझ्याआधी त्यांनाच.

तोंडात आलेलं सगळं मी गिळलं.

"...ते त्यांनाच विचारा," मी म्हणाले. "मला एवढंच बोलायचं होतं."

टाळ्या झाल्या. बऱ्यापैकी झाल्या. वहिनींनी उत्तराच्या भाषणात गवंड्यांचे, सुतारांचे, मोठ्या भाऊजींचे आभार मानले. घराबद्दल अवाक्षर काढलं नाही.

कार्यक्रमानंतर चहा होता. मी कप घेऊन एका खांबाआड उभी होते तर वहिनी गर्दीतून वाट काढत तिथे आल्या. हातात फुलांचा गुच्छ, तो कुठे ठेवावा हे त्यांना सुचत नव्हतं.

"त्याने सांगितलं तुला," त्या म्हणाल्या.

"हो."

"मला वाटलं, आज सांगतेस सगळ्यांना."

"मलाही वाटलं."

"मग थांबलीस का गं?"

खोटं बोलायचं नाही, हाही माझा एक नेम आहे. कधी कधी तो फार महाग पडतो.

"सांगितलं असतं तर तुम्ही आणखी मोठ्या झाल्या असत्या," मी म्हणाले. "तेवढं मला बघवलं नसतं."

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. रागावल्या नाहीत, दुखावल्याही नाहीत. नकाशा बघावा तशा बघत होत्या. मग गुच्छ त्यांनी खाली खांबाशी ठेवून दिला.

"चूक अर्धी माझीच होती, धाकटे. खोल्यांची नावं मी माझ्या हाताने लिहिली. पालथ्या नकाशावर. एकदासुद्धा वर बघितलं नाही, सूर्य कुठे आहे ते."

"अर्ध्याने माझं काय होतंय?" मी म्हणाले.

वहिनी इतक्या मोठ्याने हसल्या की आसपासची माणसं वळून बघायला लागली. डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या. मी हसले नाही. हसावंसं वाटलं होतं, पण नाही हसले.

डोळे पुसून त्या म्हणाल्या, "खरंच इतकं तापतं?"

"तुम्ही कधी ऊन असताना आलाच नाहीत. नेहमी येता ते दिवेलागणीला."

हे ऐकून मात्र त्यांचं हसू मावळलं. त्या काहीतरी आठवत राहिल्या. बहुधा आपण त्या घरात केव्हा केव्हा गेलो, ते. मला दिसत होतं, त्यांना एकही दुपार सापडत नव्हती.

"उद्या येते," त्या म्हणाल्या.

"उद्या तुम्हाला भेटायला माणसं येतील."

"येऊ देत. मी दुपारी तुझ्याकडे येते."

आणि आल्या. एकट्या, मानचिन्हाबिनचिन्हाचा विषय न काढता. यांना मी मुद्दामच कामाला बाहेर पाठवलं होतं, आणि पडदे बाजूला सारून ठेवले होते. वहिनी थेट स्वयंपाकघरात आल्या आणि ओट्याशेजारच्या खुर्चीवर बसल्या. ऊन खिडकीतून सरळ तोंडावर येत होतं. थोड्याच वेळात त्यांच्या कपाळावर घाम आला, मग कानामागून ओघळला, चष्मा नाकावरून घसरायला लागला. त्यांनी तो काढून मांडीवर ठेवला. माझ्याकडे काही मागितलं नाही, खुर्चीही सरकवली नाही. डोळे बारीक करून त्या नुसत्या खिडकीकडे बघत होत्या.

"चहा घ्याल ना?" मी विचारलं.

"घेईन की."

मी चहाचं आधण ठेवलं आणि ते लवकर उकळू नये म्हणून गॅस अगदी बारीक केला.